२५ हजार की ५५ हजार? महागडा मॉनिटर घेण्याआधी हा हिशोब करून बघा

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला. तो हिंगण्याजवळ वानाडोंगरीला खोली करून राहतो. दिवसा एमआयडीसीत नोकरी आणि संध्याकाळी लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं काम. त्याला मॉनिटर घ्यायचा होता. एक २५ हजारांचा आणि एक ५५ हजारांचा, असे दोन त्याने बघून ठेवले होते.

"दादा, ५५ वालाच घेऊन टाकतो. काम प्रोफेशनल आहे ना."

मागून त्याच्या रूममेटचा आवाज आला, "काहून एवढे पैसे टाकून रायला बे? लॅपटॉप तर चालूनच रायला!"

दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. गेल्या सीझनला त्याचा एक अख्खा अल्बम छापून काळपट आला. नवरीचा मरून शालू जवळजवळ काळा दिसत होता. पार्टीने अल्बम परत केला आणि याने स्वतःच्या खिशातून दुसऱ्यांदा छापून दिला. "स्क्रीनमुळे झालं," असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि ते ५५ हजार म्हणजे त्याची आठ महिन्यांची साठवण होती.

तुम्हीही अशाच पेचात असाल तर थोडं थांबा. महाग म्हणजे चांगलं हे मॉनिटरच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. कोणत्या गोष्टीसाठी आपण पैसे मोजतोय, ते एकदा सोपं करून बघूया.

आपले डोळे फोनने बिघडवलेत

आपण सगळे आधी फोनवर स्क्रीन बघायला शिकलो. त्यामुळे दुकानात मॉनिटर बघितला की पहिली प्रतिक्रिया असते, "अरे, हे फाटलेलं का दिसतंय?"

याचं कारण पीपीआय, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसवलेत. साडेसहा इंचाच्या फुल एचडी प्लस फोनमध्ये साधारण ४०५ पीपीआय असतात. मॉनिटरचे आकडे असे:

- २४ इंच फुल एचडी: साधारण ९२
- २७ इंच फुल एचडी: साधारण ८२
- २७ इंच क्यूएचडी: साधारण १०९
- ३२ इंच फोर-के: साधारण १३८
- २७ इंच फोर-के: साधारण १६३

म्हणजे मॉनिटर फोनच्या जवळपासही नाही? तसं नाही. फोन आपण एका फुटावर धरतो आणि मॉनिटर दोन-अडीच फुटांवर असतो. चांगल्या नजरेच्या माणसाला एका फुटावरून साधारण २८६ पीपीआयच्या पुढे वेगवेगळे पिक्सेल दिसत नाहीत. दोन फुटांवर हीच मर्यादा १४३ वर येते. त्यामुळे दोन फुटांवर ठेवलेला २७ इंची फोर-के मॉनिटर फोनइतकाच गुळगुळीत दिसतो. क्यूएचडीला तसं दिसायला जवळपास ३२ इंच अंतर लागतं.

यातून दोन गोष्टी कळतात. २७ इंचात फुल एचडी घेऊ नका, अक्षरं दातेरी दिसतात. आणि २७ इंचात फोर-केच्या पुढे जाऊन जे पिक्सेल विकत घ्याल, ते बहुतेक डोळ्यांना दिसणारच नाहीत.

टेबलसुद्धा मोजा. २७ इंचाचा मॉनिटर साधारण ६० सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ दोन फूट. खोलीतलं टेबल भिंतीला टेकलेलं आणि दीड फूटच खोल असेल, तर ३२ इंच घेऊन मान डावीकडे-उजवीकडे फिरवत बसावं लागेल.

डब्यावरचे आकडे आणि नागपूरचे ५६ अंश

मे २०२४ ची ती बातमी आठवते? नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर तापमान ५६ अंश दिसलं आणि सगळ्यांच्या स्टेटसला तेच. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडलेला होता. आकडा खरोखर मशीनवर आला होता, पण त्याला अर्थ नव्हता.

मॉनिटरच्या डब्यावर असे आकडे बरेच असतात. मशीन बिघडलेलं नसतं, पण आकडा कुठल्या परिस्थितीत मोजला ते लिहिलेलं नसतं.

१ मिलिसेकंद: हा आकडा दोन वेगळ्या पद्धतींनी काढतात. जीटीजी म्हणजे पिक्सेलला एका राखाडी छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ. एमपीआरटी म्हणजे हलतं चित्र डोळ्यांना किती वेळ फरफटताना दिसतं ते. एमपीआरटीचा १ मिलिसेकंद गाठायला बऱ्याचदा बॅकलाइट लुकलुकवतात, मग स्क्रीन अंधुक होते. जीटीजीचा १ मिलिसेकंद बहुतेक वेळा सगळ्यात आक्रमक सेटिंगवरचा असतो. त्या सेटिंगला हलत्या वस्तूंच्या मागे उजळ भुतं दिसतात.

डायनॅमिक कॉन्ट्रास्ट १ कोटीला १: हा आकडा वाचूच नका. स्थिर कॉन्ट्रास्ट किती ते शोधा. साध्या आयपीएस पॅनलचा साधारण १०००:१ असतो, व्हीएचा ३०००:१ च्या आसपास.

एचडीआर: सगळ्यात जास्त फसवणारा शब्द. व्हेसा या संस्थेने २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआर नावाचे दर्जे ठरवले. त्यातल्या ४०० च्या पातळीला स्क्रीनचे भाग वेगवेगळे मंद-तेज करण्याची सोय लागत नाही. त्यामुळे एचडीआर चालू केल्यावर काळोखी दृश्यं फक्त राखाडी होतात. एचडीआरसाठी जास्तीचे पैसे द्यायचे असतील तर १००० ची पातळी बघा, किंवा ओलेडसाठीचा ट्रू ब्लॅक दर्जा बघा. नाहीतर तो शब्द डब्यावर नाहीच असं समजा.

१०७ कोटी रंग: ८ बिटचा पॅनल १.६७ कोटी रंग दाखवतो, १० बिटचा १०७ कोटी. ऐकायला भारी आहे. पण लग्नाचे जेपीईजी फोटो ८ बिटचेच असतात.

मग पैसे नेमके जातात कुठे?

पॅनल बनवणारे कारखाने जगात मोजके आहेत. एलजी डिस्प्ले, सॅमसंग डिस्प्ले, बीओई, एयूओ, इनोलक्स अशी थोडीच नावं. दुकानात दिसणारे बहुतेक ब्रँड यांच्याकडूनच पॅनल घेतात. त्यामुळे वेगवेगळ्या किमतीच्या दोन मॉनिटरमध्ये सारखाच पॅनल निघू शकतो. फरक असतो तो स्टँड, पोर्ट, कारखान्यात केलेलं रंगांचं कॅलिब्रेशन आणि वॉरंटी यांत.

ढोबळ पायऱ्या अशा आहेत. सेलमध्ये किंमत खालीवर होते, पण अंदाज येईल:

पहिली पायरी, १० हजारांच्या आसपास: २४ इंच फुल एचडी आयपीएस. अभ्यास, कोडिंग, ऑनलाइन क्लास यांना पुरेसा. स्टँड फक्त पुढे-मागे झुकतो, उंची बदलत नाही.

दुसरी पायरी, १५ ते २५ हजार: २७ इंच क्यूएचडी, १४४ हर्ट्झ किंवा जास्त. गेमिंग आणि रोजचं काम एकत्र.

तिसरी पायरी, २५ ते ४० हजार: २७ इंच फोर-के आयपीएस. रंग चांगले, अक्षरं छापील पुस्तकासारखी. यात कधीकधी एका टाइप-सी केबलने लॅपटॉप चार्ज होणंही मिळतं.

चौथी पायरी, ५० हजारांपासून पुढे: ओलेड, मिनी-एलईडी, खरं एचडीआर, २४० हर्ट्झ.

पहिल्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर जाताना प्रत्येक हजाराला काहीतरी दिसतं. तिसरीवरून चौथीवर जाताना मिळणारी गोष्ट फार चांगली असते, पण ती सगळ्यांच्या कामाची नसते. रिफ्रेश रेटचंच बघा. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते आणि १२० ला ८.३. म्हणजे साधारण ८.३ मिलिसेकंदांचा फायदा, तो माऊस हलवतानाच जाणवतो. १२० वरून २४० ला गेलात तर फायदा साधारण ४.२ मिलिसेकंदांचा. हर्ट्झ पुन्हा दुप्पट झाले, पण फायदा अर्धाच.

ओलेडबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. काळा रंग खरोखर काळा, कारण तिथला पिक्सेल बंदच होतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा किंवा गेम बघणाऱ्याला याची तोड नाही. पण दिवसभर एकच टूलबार, तोच टास्कबार स्क्रीनवर असेल तर त्याचा डाग कायमचा बसायचा धोका असतो. काही कंपन्या यावर ३ वर्षांची वॉरंटी देतात, काही नाही. भारतातल्या वॉरंटी कार्डावर बर्न-इन हा शब्द आहे का, ते घेण्याआधी वाचा. शिवाय बऱ्याच ओलेड पॅनलवर पिक्सेलची मांडणी वेगळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत किनार दिसते.

भावाने बघितलेला ५५ हजारांचा मॉनिटर ओलेड होता, २४० हर्ट्झचा. तो मुळात गेमिंगसाठी बनवलेला. आणि अल्बम डिझाइनचं सॉफ्टवेअर तर दिवसभर तेच टूलबार दाखवत बसतं.

लॅपटॉपला झेपतं का?

हे बहुतेक जण मॉनिटर घरी आल्यावर तपासतात. जुन्या लॅपटॉपवर एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के चित्र फक्त ३० हर्ट्झने येतं. माऊससुद्धा अडखळत चालतो. फोर-के ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० हवं. फोर-के १४४ ला एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ हवं, आणि डिस्प्लेपोर्ट १.४ वरसुद्धा डीएससी नावाचं कॉम्प्रेशन लागतं.

टाइप-सीचं तर विचारूच नका. लॅपटॉपला टाइप-सी आहे म्हणून त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड असावा लागतो. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

हिंगण्याचा मे महिना

बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात शेवटच्या ओळींत लिहिलेलं असतं: वापरण्याचं तापमान ० ते ४० अंश. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या पुढे जातं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली असेल तर दुपारी आत चाळिशी सहज पार होते. लगेच मॉनिटर जळतो असं नाही, पण वर्षानुवर्षं असं चाललं तर बॅकलाइट आणि आतल्या कपॅसिटरचं आयुष्य कमी होतं. ओलेडला तर उष्णता आणखीच नकोशी.

दुसरी गोष्ट कूलर. आपण कूलर खिडकीत लावतो आणि टेबल त्याच्या समोर ठेवतो, कारण हवा तिथेच येते. ती हवा ओली असते. मॉनिटरच्या मागच्या झरोक्यांत थेट तो झोत जाऊ देऊ नका. टेबल थोडं बाजूला सरकवा.

तिसरी गोष्ट वीज. पावसाळ्यात लाइट गेली-आली, गेली-आली हे आपल्याला नवीन नाही. कॉम्प्युटरला यूपीएस असेल तर मॉनिटरही त्यालाच जोडा. नसेल तर निदान सर्ज प्रोटेक्टर वापरा आणि लाइट गेल्यावर प्लग काढा.

किमतीचा खरा हिशोब

मॉनिटर पाच वर्षं सहज चालतो. वर्षाला ३०० दिवस, रोज ६ तास धरले तर ९००० तास झाले. २५ हजारांचा मॉनिटर तासाला साधारण २ रुपये ७८ पैशांना पडतो, ५५ हजारांचा ६ रुपये ११ पैशांना. फरक तासाला ३ रुपये ३३ पैसे.

"मग तर ५५ वालाच स्वस्त पडला!" भाऊ लगेच म्हणाला.

इथेच गफलत होते. असा भागाकार केला की कुठलीही गोष्ट स्वस्त वाटते. ईएमआयची जाहिरातही हेच करते. प्रश्न असा विचारा: हे जास्तीचे ३ रुपये ३३ पैसे माझ्या त्या तासात काय बदलतात? रोज रात्री गेम खेळणाऱ्याला, ज्याच्याकडे तेवढं तगडं ग्राफिक्स कार्ड आहे, त्याला बरंच काही. छापील अल्बम करणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही.

हिशोबात आणखी या गोष्टी धरा:

नो-कॉस्ट ईएमआय: व्याजाइतकी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा तुमच्याच कार्डावर पडते.

जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर आधीपासूनच १८ होता. म्हणून २७ इंचाचा मॉनिटर "जीएसटी कमी झाल्यामुळे स्वस्त" असं कोणी सांगितलं, तर ती फक्त जाहिरात आहे.

वॉरंटी: माणूस घरी येणार की मॉनिटर आपण न्यायचा? २७ इंचाची स्क्रीन गाडीवर मागे धरून हिंगण्याहून नागपूरला नेऊन बघा, म्हणजे घरपोच सेवेची किंमत कळेल. डेड पिक्सेल किती असले तर बदलून देतात, तेही विचारा. बऱ्याच कंपन्या एक-दोन पिक्सेलला दोष मानत नाहीत.

स्टँड: उंची बदलणारा स्टँड नसेल तर मागे १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं आहेत का बघा. नंतर आर्म लावता येतो. तोवर जुन्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांचा गठ्ठा चालतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे.

काळा अल्बम आणि फुकटचा उपाय

आता भावाच्या मूळ दुखण्याकडे येऊ. मी त्याला विचारलं, "रात्री एडिट करताना ब्राइटनेस किती ठेवतोस?"

"फुल. रंग मस्त दिसतात."

अडचण तिथेच होती. फुल ब्राइटनेसवर स्क्रीन २५०-३०० निट्सचा उजेड मारते. खोलीत एकच ट्यूबलाइट. त्या झगमगाटात फोटो छान उजळ दिसतो, म्हणून आपण तो आणखी उजळ करत नाही, उलट थोडा दाबतो. कागद मात्र स्वतः उजेड देत नाही. तो छापून आला की अंधारा. छपाईच्या कामासाठी स्क्रीन साधारण ८० ते १२० निट्सवर ठेवतात. हे करायला एक पैसाही लागत नाही.

लॅपटॉप पूर्ण निर्दोष होता असंही नाही. बजेट लॅपटॉपच्या बऱ्याच स्क्रीनवर ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असतं, म्हणजे एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम ६०-६५ टक्के. शालूचा मरून आणि काठाचा लाल तिथे नीट वेगळे दिसतच नव्हते. म्हणजे मॉनिटरची गरज खरी होती. फक्त ५५ हजारांची नव्हती.

त्याला लागत होतं एवढंच: ९९ टक्के एसआरजीबी, कारखान्यात कॅलिब्रेट केलेला आणि डेल्टा ई २ च्या आत, मेनूमध्ये वेगळा एसआरजीबी मोड. हा मोड महत्त्वाचा. कारण जास्त रंग दाखवणाऱ्या मॉनिटरवर रंग-व्यवस्थापन नसलेल्या ॲपमध्ये चेहरे उगाच लालबुंद दिसतात. बहुतेक फोटो लॅब फाइलही एसआरजीबीतच मागतात.

दुकानात जाताना

आम्ही एका रविवारी मेट्रोने सीताबर्डीला गेलो. लॅपटॉप आणि केबल सोबत. दुकानातला डेमो व्हिडिओ बंद करायला सांगितला, कारण तो मॉनिटर चांगला दिसावा म्हणूनच बनवलेला असतो. तुम्हीही हे करा:

१. स्वतःचा एक ओळखीचा फोटो दोन्ही मॉनिटरवर लावा, दोन्हीचा ब्राइटनेस कमी करून. भावाने तोच परत आलेल्या अल्बममधला फोटो लावला, आणि छापलेलं पान शेजारी धरलं.
२. पूर्ण काळी इमेज लावून कोपऱ्यांतून उजेड गळतो का बघा. थोडा आयपीएसमध्ये असतोच.
३. पूर्ण पांढरी, लाल, हिरवी, निळी इमेज लावून अडकलेले पिक्सेल शोधा.
४. बारीक मराठी मजकूर उघडा. जोडाक्षरं आणि मात्रा स्पष्ट दिसतात का? देवनागरीत ही परीक्षा इंग्रजीपेक्षा कडक होते.
५. ब्राइटनेस कमी करून फोनचा कॅमेरा स्क्रीनकडे धरा. जाड पट्टे सरकताना दिसले तर बॅकलाइट लुकलुकत असू शकतो. डोळे दुखणाऱ्यांनी तो टाळावा.

ऑनलाइन घेणार असाल तर डबा उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा आणि बिल जपून ठेवा. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

भावाने शेवटी २७ इंची फोर-के आयपीएस घेतला, २७ हजारांना. ओलेडसमोर पाच मिनिटं उभा राहिला, "यार, काय दिसतं!" म्हणाला, आणि ते खरंच होतं. उरलेल्या पैशांतून एक यूपीएस आला. बाकीचे अजून खात्यात आहेत, पुढच्या वेळी छपाई बिघडलीच तर.

पहिला अल्बम छापून आल्यावर त्याने फोटो पाठवला. मरून मरूनच होता. खाली मेसेज: "रूममेट म्हणते, एवढा महागाचा आणला अन् अंधारच करून ठेवला."